युजर म्हणजे कोण रे भाऊ?

मित्रांनो, सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकतो. मी कॉन्व्हेंटचा! शाळेत मराठीत बोललं की दंड, आणि मराठीच्या पेपरात निबंध पाठ करून उतरवलेला. त्यामुळे ‘मराठी विभागात काहीतरी लिही’ असं सांगितल्यावर आधी घामच फुटला. ऱ्हस्व-दीर्घ संपादक मंडळातल्या मैत्रिणीने तपासून दिले आहेत. विचार मात्र माझेच, तेव्हा शिव्या घालायच्या असतील तर रूमवर या.

विषय आपल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा आहे. प्रोजेक्ट!

प्रोजेक्टचा रिपोर्ट कसा तयार होतो हे हॉस्टेलमध्ये कुणाला सांगायला नको. सबमिशनच्या आदल्या रात्री एक वाजता, सिनिअरची जुनी फाईल उघडून. नाव बदलायचं, गाईडचं नाव बदलायचं, सर्किटचा फोटो बदलायचा. त्यात एक प्रकरण असतं ‘युजर रिक्वायरमेंट’. तिथे काय लिहायचं हेही ठरलेलंच. युजरला स्वस्त सिस्टीम हवी आहे, युजरला वापरायला सोपी सिस्टीम हवी आहे, युजरला विश्वासार्ह सिस्टीम हवी आहे. खलास! हा युजर कोण, कुठल्या गावचा, काय खातो, किती वाजता झोपतो, त्याला लिहितावाचता येतं का... काही नाही. तो आपल्या रूम नंबरमध्येच जन्माला येतो आणि व्हायवा झाली की तिथेच वारतो.

आमचाही असाच जन्माला आला होता. फरक इतकाच, की आमचा नंतर खरोखर भेटला. तो माझा मामा निघाला.

झालं असं. थर्ड इयरच्या पहिल्या सेमला मिनी प्रोजेक्ट होता. आम्ही चौघांनी ठरवलं, काहीतरी ‘सोशल’ करू. (सोशल केलं की मार्क बरे पडतात, ही आतली गोष्ट.) माझ्या मामाचं गाव सिंदेवाही तालुक्यात, जंगलाला लागून. रानडुकरं धान खातात हे लहानपणापासून ऐकलेलं. मग काय, विषय मिळाला. शेतात सेन्सर लावायचा, जनावर आलं की भोंगा वाजणार आणि शेतकऱ्याच्या मोबाईलवर मेसेज जाणार. एक पीआयआर सेन्सर, एक अर्डुइनो, एक जीएसएम मॉड्यूल, रिले, भोंगा, बारा व्होल्टची बॅटरी. हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये टेस्टिंग केलं. मेसचा पोरगा डबा घेऊन आला, भोंगा वाजला. वॉर्डन सर आले, भोंगा वाजला (आणि आम्हीही). शंभर टक्के ॲक्युरसी! एका टेक्निकल स्पर्धेत दुसरं बक्षीस मिळालं. सर्टिफिकेट मी रूममध्ये चिकटवलं होतं. आता ते काढलंय, का ते पुढे येईलच.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं ते सगळं बाडबिस्तर घेऊन मामाकडे गेलो. धान लोंबीवर आलेलं, म्हणजे डुकरांच्या जेवणाची वेळ.

पहिल्या संध्याकाळीच आमच्या सेन्सरची लायकी कळली. त्याची रेंज सात मीटर. कॉरिडॉरमध्ये सात मीटर खूप होतात हो! पण एक एकर चौकोनी शेताची एक बाजू साधारण चौसष्ट मीटर भरते, आणि मामाच्या बांध्या अडीच एकरात पसरलेल्या. चारही बाजूंना किती सेन्सर लागतील याचा हिशेब आम्ही बांधावर उभं राहून केला आणि एकमेकांकडे पाहायचं टाळलं. दुसरं, आमचं जीएसएम मॉड्यूल फक्त टूजीवर चालणारं. गावात जे काही नेटवर्क येत होतं ते फोरजीचं, तेही पाण्याच्या टाकीजवळ उभं राहिलं तर. म्हणजे मेसेजचा विषयच संपला. आणि गेला असता तरी काय? मेसेज आम्ही इंग्रजीत लिहिलेला. ‘ॲनिमल डिटेक्टेड’! मामा सातवी शिकलेला. कॉन्व्हेंटमध्ये शिकण्याचा हा फायदा, की समोरच्याला काय वाचता येतं हा प्रश्न डोक्यातच येत नाही.

तरी भोंगा होता. जिथून डुकरं शिरतात त्या कोपऱ्यात लावला. आणि तो वाजला! पहिल्या रात्री तीनदा. एकदा कुत्रं, एकदा बहुतेक ससा, एकदा काहीच नाही, नुसता वारा. दुसऱ्या रात्री पाचदा. प्रत्येक वेळी मामा उठून काठी आणि बॅटरी घेऊन शेताकडे जायचा. आम्ही? आम्ही डेटा लिहून घेत होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी मामी चहा देताना म्हणाली, ‘‘बाबू, तुमची मशीन आता बंद करा.’’

मला वाटलं आवाजाचा त्रास होत असेल. म्हटलं, आवाज कमी करतो. तर ती म्हणाली, ‘‘आवाजाचं नाई गा. मशीन वाजली का यायले उठा लागते. हे अंधारात जातेत अन् मी दारात बसून रायते. तिकडं डुक्कर हाये का वाघ हाये, तुमची मशीन सांगते का?’’

मित्रांनो, त्या क्षणी चहा घशाखाली उतरेना. ताडोबाच्या भोवतालच्या या तालुक्यांत माणूस आणि वाघ यांचं काय चाललंय हे आपण रोज पेपरात वाचतो. मूल, सिंदेवाही, सावली, ब्रह्मपुरी, ही नावं त्या बातम्यांत सारखी येतात. रात्री शेतात जायचं नाही, एकट्याने जायचं नाही, असं वनविभाग गावोगाव सांगत असतो. आणि आम्ही चार हुशार इंजिनिअरांनी असं यंत्र बनवलं होतं की जे रात्री दोन वाजता माणसाला झोपेतून उठवतं आणि सांगतं, जा, तिकडे काहीतरी आहे, जाऊन बघ!

मामाला डुकरं येतात हे कळायला यंत्राची गरजच नव्हती. तो नंतर हसून म्हणालासुद्धा, ‘‘डुकरं येतेत हे मले का मशीनीनं सांगा लागते? मले मालूम नाई का?’’ त्याला हवं होतं ते याच्या बरोबर उलट. रात्री शेतात जावंच लागू नये. आणि मामीला हवं होतं, की तो घरात झोपलेला असावा. आमच्या रिपोर्टात मामी कुठेच नव्हती. ‘युजर : शेतकरी’ असं लिहिलं होतं, आणि शेतकरी म्हटलं की आमच्या डोळ्यांसमोर फेटेवाला पुरुष. रोवण्यात दिवसभर वाकून कोण असतं, धान कापतं कोण, रात्री दारात जागत कोण बसतं, हे विचारायला सुचलंच नाही. हे सगळं कळायला लागलं किती? एक कप चहा. सेमिस्टरभर आम्ही तेवढंच केलं नव्हतं.

असो. रडगाणं पुरे. सांगायचा मुद्दा असा, की हेच काम नीट कसं करतात याचं उदाहरण आपल्या अगदी शेजारी आहे. त्यासाठी कॅलिफोर्नियाचे व्हिडिओ बघायची गरज नाही. चंद्रपूरहून मूलमार्गे गडचिरोली ऐंशीएक किलोमीटर. तिथून धानोरा रोडने थोडं पुढे गेलं की चातगावजवळ शोधग्राम लागतं. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ ही संस्था. त्यांची नावं आपण सगळ्यांनी ऐकलेली असतात, बालमृत्यू, दारूबंदी वगैरे संदर्भात. पण मला ती ‘डॉक्टर लोकांची गोष्ट’ वाटायची. ‘निर्माण’च्या शिबिराला जाऊन आलेल्या एका सिनिअरला मी माझी भोंग्याची कहाणी सांगितली, तेव्हा तो म्हणाला, ‘‘अरे, ती इंजिनिअरिंगचीच गोष्ट आहे. नीट वाच.’’ मग वाचलं. आणि पटलं.

बंग पती-पत्नी अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन परतले आणि १९८६ पासून गडचिरोलीत काम करू लागले. सुरुवातीला त्यांनी या भागातल्या सिकलसेल आजाराचा अभ्यास केला. शास्त्राच्या दृष्टीने मोठंच काम. पण गावातल्या लोकांना त्यात फारसा रस नव्हता. तो त्यांनी विचारलेला प्रश्नच नव्हता ना! आपण लोकांवर संशोधन करतोय, लोकांसाठी नाही, हा धडा तिथे मिळाल्याचं डॉ. बंग स्वतःच सांगतात. मला हे वाचून फार बरं वाटलं. म्हणजे हॉपकिन्सवाल्यांचाही पहिला प्रोजेक्ट आमच्यासारखाच गेला होता तर!

मग दवाखान्याची गोष्ट. आदिवासी लोक दवाखान्यात यायला का घाबरतात हे त्यांनी लोकांनाच विचारलं. उत्तरं ऐका. तुमचे डॉक्टर, नर्स पांढरे कपडे घालतात, आणि आम्ही मढ्याला पांढऱ्या कापडात गुंडाळतो, मग तिथे माणूस वाचणार कसा? मोठ्या इमारतीत आम्ही हरवून जातो. पेशंटला आत ठेवता आणि आम्हाला बाहेर काढता, एकटं माणूस तिथे कसं राहील? आता हीच उत्तरं आपल्याला मिळाली असती तर आपण काय केलं असतं? ‘अवेअरनेस प्रोग्रॅम’! लोकांना समजावून सांगितलं असतं की पांढरा रंग स्वच्छतेसाठी असतो. त्यांनी तसं केलं नाही. त्यांनी दवाखानाच बदलला. गोंड गावासारखी रचना, झोपड्यांसारख्या खोल्या, जिथे पेशंटबरोबर घरचे राहू शकतात. आणि दवाखान्याचं नाव गोंडांच्या देवीवरून, माँ दंतेश्वरी दवाखाना. लोकांची प्रत्येक तक्रार म्हणजे एक स्पेसिफिकेशन झालं. आपण ज्याला ‘अडाणीपणा’ म्हणून सोडून देतो ना, तोच खरा रिक्वायरमेंटचा कागद असतो.

पण माझ्यासारख्या ईएनटीसीवाल्याला खरा धक्का दिला तो ‘ब्रेथ काउंटर’ने. तेव्हा लहान मुलं न्यूमोनियाने फार दगावत होती. न्यूमोनिया ओळखायची सोपी खूण म्हणजे श्वासाचा वेग. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला साठ किंवा जास्त वेळा श्वास घेत असेल, किंवा त्याहून मोठं तान्हं पन्नास किंवा जास्त वेळा, तर धोका. सोपं आहे ना? आपल्याला सोपं. पण गावात बाळाजवळ सगळ्यात आधी पोचणारी बाई म्हणजे दाई. अनेक दायांना अक्षरओळख नव्हती, पन्नास-साठपर्यंत सलग मोजणं जमत नव्हतं, आणि हातात घड्याळ नव्हतं.

आपण काय केलं असतं? सेन्सर! छातीला पट्टा, मायक्रोकंट्रोलर, डिस्प्ले, लाल-हिरवा दिवा. मग बॅटरी संपली की ते खेळणं पेटीत. (आमची बॅटरी चौथ्या दिवशी संपली होती. मामाकडे चार्जिंगची सोय आहे का, हेही आम्ही विचारलं नव्हतं.)

त्यांनी काय केलं? एक लाकडी पाटी. तिच्यावर एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ. बाजूला तारेत ओवलेल्या मण्यांच्या दोन ओळी, एक अगदी लहान बाळासाठी, एक त्याहून मोठ्या मुलासाठी. दाईने वाळूचं घड्याळ उलटं करायचं, दहा श्वास मोजायचे, एक मणी सरकवायचा. पुन्हा दहा, पुन्हा मणी. ओळीतला शेवटचा मणी लाल. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया. बस्स! दहापर्यंत मोजता आलं की झालं. बॅटरी नाही, सॉफ्टवेअर नाही, इंग्रजी नाही. लहान बाळासाठी सहा मणी, मोठ्यासाठी पाच, म्हणजे साठ आणि पन्नासचा सगळा हिशेब मण्यांतच भरलेला. दाईला साठ हा आकडा माहीत असायची गरजच नाही! डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सच्या पेपरात आपण ‘काउंटर’वर दहा-दहा मार्कांची उत्तरं लिहितो. याहून सुंदर काउंटर मी पाहिलेला नाही.

आणि ते नुसतं सुंदर नव्हतं. गावातल्या साध्या कार्यकर्त्यांना आणि दायांना न्यूमोनिया ओळखायला आणि गोळ्या-औषध द्यायला शिकवलं, तर काय होतं याचा त्यांनी रीतसर प्रयोग केला. तो १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. ज्या गावांत हे काम झालं तिथे न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू, काम न झालेल्या गावांच्या तुलनेत निम्म्याहूनही खाली होते.

आता इथे माझा रूममेट (कॉम्प्युटरवाला, वाद घालायला सदैव तयार) म्हणतो, ‘‘युजरला विचारून प्रॉडक्ट बनवता येत नाही. युजरला स्वतःलाच माहीत नसतं त्याला काय हवंय.’’ यात तथ्य आहे, नाही असं नाही. नवजात बाळांचंच बघा. सर्चने १९९५-९६ मध्ये ३९ गावांतल्या ७६३ बाळांची जन्मानंतर घरोघरी जाऊन पाहणी केली. त्यातल्या निम्म्याहून जास्त बाळांना, ५४ टक्के, कुठल्या ना कुठल्या उपचाराची गरज होती. उपचार मिळाला किती जणांना? २.६ टक्के! शंभरात तिघंही नाहीत. बाळंतपणं घरी व्हायची, बाळंतीण आणि बाळ घराबाहेर पडत नसत, आणि आठ-दहा दिवसांचं बाळ गेलं तर घरचे ते नशिबावर घालत. ‘आम्हाला नवजात बाळाचा डॉक्टर द्या’ अशी मागणी कुणीच केली नव्हती. म्हणजे नुसतं वही-पेन घेऊन ‘तुम्हाला काय पाहिजे?’ असं विचारत फिरलं असतं तर ही गरज कधीच दिसली नसती.

पण रूममेट तिथेच थांबतो, आणि माझं म्हणणं तिथून पुढे सुरू होतं. युजरला माहीत नसतं, म्हणून आपण हॉस्टेलमध्ये बसून ठरवायचं का? त्यांनी तर उलट केलं. घरात जाऊन बाळाजवळ बसले, मोजलं. आणि मग उपाय दवाखान्यात ठेवला नाही, बाळ जिथे आहे तिथे नेला. गावातलीच एक बाई निवडली, तिला ‘आरोग्यदूत’ म्हणून शिकवलं. बाळाचं वजन करायचं, ताप-थंडी बघायची, बाळ ऊबेत ठेवायचं, जन्मताच रडलं नाही तर श्वास द्यायचा, आणि जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर इंजेक्शनसुद्धा द्यायचं. गावातली बाई तान्ह्या बाळाला इंजेक्शन देणार म्हटल्यावर किती मोठ्या डॉक्टरांच्या भुवया उंचावल्या असतील, कल्पना करा! पण तिला कामाला लावून ते मोकळे झाले नाहीत. तिच्या कामावर नियमित देखरेख, पुन्हा पुन्हा ट्रेनिंग, आणि प्रत्येक जन्म-मृत्यूची नोंद. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ला निष्कर्ष आला. त्या ३९ गावांत नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी खाली आला होता. २०११ पासून भारत सरकारने हीच पद्धत आशांमार्फत देशभर घेतली. आज आपल्या कुणाच्या घरी बाळ जन्मलं आणि आशाताई वजनकाटा घेऊन दारात आली, तर त्या भेटीचा उगम आपल्या शेजारच्या जिल्ह्यात आहे.

‘मॅनेजमेंट’ हा शब्द आपल्याला फार आवडतो (एमबीए करायचंच आहे अर्ध्या वर्गाला). मला वाटतं, मॅनेजमेंट म्हणजे ही देखरेख. आमचं यंत्र बसवून झाल्यावर त्याच्याकडे कोण बघणार होतं? सुट्टी संपली की आम्ही इकडे.

याच जातीचं एक उदाहरण बाहेरचंही आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या काही विद्यार्थ्यांना २००७ मध्ये क्लासचा प्रोजेक्ट म्हणून स्वस्त इन्क्युबेटर बनवायचा होता. आपल्यासारखेच, क्लासचा प्रोजेक्ट! पण ते आधी नेपाळला गेले. तिथे दवाखान्यात इन्क्युबेटर होते, पण रिकामे. कारण कमी दिवसांची बाळं खेड्यात जन्मत होती, दवाखान्यापर्यंत पोचतच नव्हती. मग त्यांनी इन्क्युबेटर सोडून बाळाला गुंडाळायची एक ऊबदार पिशवी बनवली. पुढे भारतातल्या एका खेड्यात त्यांना एक आई भेटली. तिचं म्हणणं असं, की डॉक्टरने सदतीसवर ठेवायला सांगितलं तर मी थोडं कमीच ठेवीन, हे औषधपाणी फार जहाल असतं. झालं! त्यांनी तापमानाचे आकडेच काढून टाकले आणि ‘ठीक’ किंवा ‘ठीक नाही’ एवढंच दाखवायला सुरुवात केली. मला लगेच दाईचा लाल मणी आठवला. तिकडे स्टॅनफर्ड, इकडे चातगाव, पण दोघांनाही ते एका बाईकडूनच कळलं.

आणि कधीकधी युजर आणि इंजिनिअर एकच माणूस असतो. मेसमध्ये बरा तांदूळ आला की आपण ‘एचएमटी दिसतोय’ म्हणतो ना, तो एचएमटी आपल्याच जिल्ह्यातला आहे हे किती जणांना माहीत आहे? मला मामाने सांगेपर्यंत नव्हतं. (मला वाटायचं ती कंपनी आहे!) नागभीड तालुक्यातलं नांदेड हे गाव. तिथले दादाजी रामाजी खोब्रागडे. शिक्षण तिसरी, जमीन दीड एकर. १९८३ मध्ये त्यांना ‘पटेल ३’ या धानाच्या बांधीत काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, पुढच्या वर्षी शेताच्या मधोमध छोट्याशा तुकड्यात लावल्या, आणि रानडुकरांनी खाऊ नयेत म्हणून भोवती काटेरी झुडपांचं कुंपण घातलं. (बघा, डुकरांवर त्यांचा उपाय आमच्यापेक्षा स्वस्त आणि चांगला होता, आणि रात्री उठायचीही गरज नाही.) वर्षानुवर्षं निवड करत त्यांनी बारीक दाण्याचं, चांगलं पिकणारं आणि चवीला उत्तम वाण तयार केलं. तेव्हा एचएमटी घड्याळांची चलती होती, म्हणून एका व्यापाऱ्याने तेच नाव देऊन टाकलं आणि ते चिकटलं.

प्रॉडक्ट किती यशस्वी? मामा लावतो, त्याचा शेजारी लावतो, धानपट्ट्यात कुठेही विचारा. पण प्रॉडक्ट यशस्वी आणि माणूस? कृषी विद्यापीठाने १९९८ मध्ये ‘पीकेव्ही-एचएमटी’ नावाने वाण आणलं, आणि आपल्याला पुरेसं श्रेय मिळालं नाही ही दादाजींची खंत कायम राहिली. २००५ मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते सत्कार झाला, २०१० मध्ये ‘फोर्ब्स’ने यादीत नाव घातलं, आणि ३ जून २०१८ ला दादाजी गेले तेव्हा आजारपणाच्या खर्चाची चिंता घरच्यांना होतीच. स्टार्टअपवर भाषणं देणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं. माझ्याकडे नाही.

आता थोडं आपल्या कॉलेजबद्दल. रागावू नका, पण बोलतोच. आपल्याकडे सिनॉप्सिस पास व्हायला काय लागतं? आयईईईचे दोन पेपर, एक ब्लॉक डायग्राम आणि ‘एआय’ किंवा ‘आयओटी’ हा शब्द. ज्याच्यासाठी बनवताय त्याला भेटलात का, असा प्रश्न आम्हाला व्हायवात कुणी विचारला नाही. आम्ही उत्तर दिलंही नसतं म्हणा! माझी साधी सूचना आहे. फायनल इयरच्या सिनॉप्सिसला एक पान वाढवा. त्यावर इंग्रजीत काही नको. ज्याच्यासाठी प्रोजेक्ट आहे त्या माणसाने काय काय हरकती घेतल्या, त्या त्याच्याच शब्दांत लिहायच्या. झाडीत असेल तर झाडीत, गोंडीत असेल तर गोंडीत, कुणाकडून तरी समजून घेऊन. आणि एकही हरकत नसेल तर सिनॉप्सिस परत! कारण ‘छान आहे, करा’ असं तर मामाही पहिल्या दिवशी म्हणाला होता. भाच्याने एवढ्या लांबून यंत्र आणलंय, तो दुसरं काय म्हणणार? खरं काय ते तिसऱ्या दिवशी निघालं, तेही चुलीजवळ.

‘पण सर, वेळ कुठे आहे?’ हे मला माहीत आहे. युनिट टेस्ट, जर्नल, प्लेसमेंटची ॲप्टिट्यूड. रूममेटचं तर म्हणणं आहे की कंपनीचे लोक इंटरव्ह्यूत मामी विचारत नाहीत. नसतील विचारत. पण चार जण, एक सेमिस्टर, साडेचार हजार रुपये आणि त्यातून निघालं काय, तर माणसाला वाघाच्या दिशेने पाठवणारा भोंगा, हा हिशेब मला अजून झोपू देत नाही. त्या पाच-सहा रात्रींत काही झालं असतं तर? सर्टिफिकेट मी त्यासाठी काढलं.

जुलैत आमचं सातवं सेम सुरू होईल आणि पुन्हा सिनॉप्सिस द्यायचा आहे. ग्रुप तोच आहे, विषय अजून ठरलेला नाही. या वेळी मी आधी मामीला फोन केला. (मोबाईल घेऊन ती टाकीजवळ आली होती, मागे बायकांचा गलका ऐकू येत होता.) म्हटलं, मामी, तुला कशाचा त्रास होतो ते सांग, आम्ही त्यावर काहीतरी बनवतो. ती बराच वेळ हसली. मग म्हणाली, ‘‘असं फोनवर सांगता येते का गा? मोहफुलाच्या दिवसात ये. पायटे आमच्यासंगं जंगलात मोहं वेचाले चाल. अन् मशीन आनू नको, टोपली आन.’’